एकतीस तारखेच्या आत
शेजारच्या काकूंनी मागे एकदा प्लास्टिकच्या पिशवीतून कागद आणून माझ्यापुढे ठेवले. मुदत ठेवीवर ६२,४०० रुपये व्याज आणि त्यातून बँकेने कापलेला टीडीएस ६,२४०. कर कापू नका असं बँकेला कळवणारा पंधरा-एचचा फॉर्म द्यायचा राहून गेला, कारण ते सगळं काका बघायचे. काकूंचं वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत; म्हणजे कर शून्य, उशिराचं शुल्कही नाही, कापलेले पैसे पूर्ण परत. पण २०२४-२५ चं प्राप्तिकर विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत भरलं तरच ते मिळणार होते! ‘पुढे चार वर्षं मुभा आहे’ असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. असली अर्धवट माहितीच घात करते. अद्ययावत विवरणपत्राला ४८ महिने मिळतात खरे, पण ते सरकारचं देणं लागणाऱ्यांसाठी; कर आणि व्याजावर आणखी २५ ते ७० टक्के भरायचे, आणि परतावा त्यात मागताच येत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे कागद आजच काढून बघा, कळकळीने सांगतो. काकूंचं विवरणपत्र आम्ही त्याच संध्याकाळी भरून टाकलं. पडताळणीचा ओटीपी काकांच्या मोबाइलवर आला. तो फोन काकू अजून रोज चार्जिंगला लावतात.