टळलेल्या टकरीची नोंद

३१ जानेवारी २००१. जपान एअरलाइन्सचे ९०७ क्रमांकाचे बोइंग ७४७ टोकियोच्या हानेदा विमानतळावरून नाहाकडे निघाले होते. त्याच कंपनीचे ९५८ क्रमांकाचे डीसी-१० बुसानहून नारिताकडे येत होते. याइझू शहराच्या आकाशात दोघांच्या वाटा एकमेकींना छेदत होत्या. नियंत्रण कक्षात माइकवर शिकाऊ नियंत्रक होता. त्याला ९५८ ला खाली उतरवायचे होते, पण तोंडून आकडा निघाला ९०७. त्याच सुमारास ७४७ च्या कॉकपिटमधली टक्करविरोधी यंत्रणा, म्हणजे ‘टीकॅस’, वैमानिकाला ‘वर चढा’ असे बजावत होती. त्याने यंत्राऐवजी माणसाचे ऐकले आणि विमान खाली घेतले. डीसी-१० ला तिथली टीकॅस ‘खाली उतरा’ सांगत होती, म्हणून तेही खालीच येत होते. दोन्ही विमानांत मिळून ६७७ माणसे होती. अगदी शेवटच्या क्षणी ७४७ च्या कप्तानाने नाक आणखी खाली दाबले आणि ते दुसऱ्याच्या पोटाखालून निसटले. दोन अजस्र विमाने दीडशे मीटरहूनही कमी अंतराने एकमेकांना चुकवून गेली. खाण्यापिण्याची ट्रॉली छतावर आदळली, आसनांवरून माणसे फेकली गेली, सुमारे १०० जण जखमी झाले. मेले मात्र कोणी नाही.

मेले कोणी नाही, म्हणून जगाने या घटनेकडे जेवढ्या निकडीने पाहायला हवे होते तेवढ्या निकडीने पाहिले नाही. त्या दुपारी एक प्रश्न लख्ख समोर आला होता: नियंत्रक एक सांगतो आणि यंत्र नेमके उलटे सांगते, तेव्हा वैमानिकाने ऐकायचे कोणाचे? याचे एकच, निःसंदिग्ध, साऱ्या जगाला बांधील असे उत्तर तेव्हा नियमांत नव्हते. जपानचा चौकशी अहवाल जुलै २००२ मध्ये आला. त्याच्या काही दिवस आधी, १ जुलैच्या रात्री, जर्मनीतल्या उबरलिंगेन गावावर रशियाचे तुपोलेव प्रवासी विमान आणि डीएचएलचे मालवाहू बोइंग ७५७ एकमेकांवर आदळले होते. तुपोलेवला टीकॅस ‘वर’ सांगत होती आणि झ्युरिकचा नियंत्रक ‘खाली’. वैमानिकांनी नियंत्रकाचे ऐकले. बोइंगला टीकॅसने ‘खाली’ सांगितले होते. ७१ माणसे गेली. त्यांत सुट्टीसाठी बार्सिलोनाला निघालेली उफा शहरातली शाळकरी मुले होती. दोन वर्षांच्या आत तोच गोंधळ दुसऱ्यांदा झाला, फक्त या वेळी नशिबाने साथ दिली नाही. टीकॅसचा आदेश नियंत्रकाच्या सूचनेच्या वर, हा नियम आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने निर्विवाद शब्दांत लिहिला तो २००३ च्या नोव्हेंबरात.

थोडक्यात हुकलेली टक्कर ही पुढच्या अपघाताची आगाऊ मिळालेली चौकशी असते. साक्षीदार जिवंत असतात, विमान शाबूत असते, काय घडले ते विचारता येते. एवढी स्वस्त शिकवण विमानविद्येला दुसरीकडे कुठेही मिळत नाही. आणि तीच वाया घालवण्याची सवय आपल्याकडे अजून गेलेली नाही.

वैमानिकाच्या खुर्चीवरून हा प्रसंग कसा दिसतो, हे समजून घेतले पाहिजे. समोरासमोर येणारी दोन जेट विमाने ताशी ९०० किलोमीटरने उडत असतील, तर त्यांच्यातले अंतर सेकंदाला अर्धा किलोमीटर कमी होते. दुसरे विमान नजरेस पडणे, ते विमान आहे हे ओळखणे, टक्कर होणार हे उमगणे, निर्णय घेणे, हात हलणे आणि विमानाने तो हात मानणे, या साऱ्याला साडेबारा सेकंद लागतात, असा अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाचा हिशेब आहे. तेवढ्यात सव्वासहा किलोमीटर सरलेले असतात, आणि सहा किलोमीटरवरचे विमान म्हणजे काचेवरचा एक ठिपका. त्यातही खरा घातकी असतो तो न हलणारा ठिपका. जे विमान काचेवरून डावीकडे-उजवीकडे सरकते, ते बाजूने निघून जाणार असते. जे जागचे हलत नाही, तेच अंगावर येत असते. डोळा हलणाऱ्या वस्तूकडे चटकन जातो, स्थिर ठिपक्याकडे जात नाही. तो बराच वेळ ठिपकाच राहतो आणि शेवटच्या काही सेकंदांत अख्खी काच भरून टाकतो.

म्हणून टीकॅस आली. ती आसपासच्या विमानांच्या ट्रान्सपाँडरना सतत विचारत राहते आणि गाठ पडायला किती सेकंद उरले ते मोजते. आधी ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ असा इशारा येतो. मग, उंचीनुसार १५ ते ३५ सेकंद उरले असताना, ‘क्लाइंब’ किंवा ‘डिसेंड’ हा आदेश येतो. दोन्ही विमानांतली यंत्रे परस्पर ठरवून एकाला वर आणि दुसऱ्याला खाली पाठवतात. वैमानिकाने पाच सेकंदांत ऑटोपायलट सोडून विमान हाती घ्यायचे, पडद्यावरच्या हिरव्या पट्ट्यात चढ-उताराचा वेग बसवायचा आणि नियंत्रकाला ‘टीकॅस आरए’ एवढेच कळवायचे. त्यानंतर नियंत्रकाने दुसरी आज्ञा द्यायची नाही. ‘क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट’ ऐकू येईपर्यंतचा तो अर्धा मिनिट प्रशिक्षणात पुन:पुन्हा गिरवून घेतलेला असतो. पण चूक कशी झाली, कोणाला काय ऐकू आले, कोणता आकडा कोणता वाटला, हे यंत्र सांगत नाही. ते माणसानेच सांगावे लागते.

आणि माणूस सांगतो केव्हा? सांगितल्यावर आपले काय होणार, हे त्याला ठाऊक असते तेव्हा. हा धडा अमेरिका १९७४ मध्ये शिकली. त्या वर्षी १ डिसेंबरला टीडब्ल्यूए ५१४ हे विमान वॉशिंग्टनजवळ डलेस विमानतळावर उतरताना व्हर्जिनियातल्या डोंगरावर आदळले आणि ९२ जण दगावले. उतरण्याच्या परवानगीचा अर्थ वैमानिकांनी चुकीचा लावला आणि ते डोंगराच्या उंचीखाली आले. चौकशीत निघाले ते हादरवणारे होते. सहा आठवड्यांपूर्वी युनायटेड एअरलाइन्सच्या एका विमानाने त्याच ठिकाणी, त्याच परवानगीचा तसाच अर्थ लावला होता आणि ते डोंगरापासून जेमतेम वाचले होते. त्या वैमानिकांनी कंपनीच्या अंतर्गत व्यवस्थेत हे कळवले होते, कंपनीने आपल्या लोकांना सावधही केले होते. टीडब्ल्यूएपर्यंत मात्र ती गोष्ट पोहोचलीच नाही. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, हे खरे. पण पुढच्याने ठेच कुठे लागली ते मोठ्याने सांगितले, आणि ते मागच्याच्या कानापर्यंत गेले, तरच.

यातून १९७६ मध्ये अमेरिकेत विमानसुरक्षा अहवालांची गोपनीय व्यवस्था उभी राहिली. तिचे शहाणपण एका साध्या गोष्टीत आहे: अहवाल घेणारा आणि परवाना काढून घेणारा एक नाही. पैसा विमान वाहतूक प्रशासनाचा, पण अहवाल जातो ‘नासा’कडे. तिथे नाव-गाव काढून टाकले जाते आणि मगच मजकूर इतरांसाठी खुला होतो. दहा दिवसांच्या आत स्वतःहून कळवणाऱ्याला अनवधानाने झालेल्या नियमभंगाचा दंड भोगावा लागत नाही. गुन्हा, प्रत्यक्ष अपघात आणि जाणूनबुजून केलेला भंग यांना हे कवच नाही. आजवर वीस लाखांहून अधिक अहवाल तिथे जमा झाले आहेत. ब्रिटनने १९८२ पासून अशीच व्यवस्था चालवली, डेन्मार्कने २००१ मध्ये अहवाल देणाऱ्याला संरक्षण देणारा कायदाच केला. त्यानंतर तिथे अहवालांची संख्या कित्येक पटींनी वाढली. डॅनिश आकाश एका वर्षात धोकादायक झाले नव्हते, तिथली माणसे बोलू लागली होती.

आता आपल्याकडे येऊ. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचे इल्युशिन-७६ यांची टक्कर झाली. ३४९ बळी. हवेत झालेल्या टकरींमधला हा आजवरचा सर्वांत भीषण अपघात. दिल्लीत तेव्हा येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांना एकच हवाई वाट होती, नियंत्रकाच्या रडारवर विमानाची उंची दिसत नव्हती, दोन्ही विमानांत टीकॅस नव्हती. कझाक विमानाला १५ हजार फुटांवर थांबायला सांगितले होते. ते तिथे न थांबता १४ हजारांवरच्या सौदी विमानाच्या वाटेत उतरले. न्यायमूर्ती लाहोटी आयोगाच्या चौकशीनंतर वाटा वेगळ्या झाल्या, भारताने टीकॅस सक्तीची केली. शहाणपण आले, पण ३४९ चिता आणि कबरी मोजून.

त्या सक्तीचे फळ ७ फेब्रुवारी २०१८ रोजी मुंबईच्या आकाशात दिसले. मुंबईहून भोपाळला निघालेले एअर इंडियाचे विमान २७ हजार फुटांवर होते. दिल्लीहून पुण्याला येणारे विस्ताराचे विमान २९ हजारांवर असायला हवे होते, ते २७,१०० पर्यंत खाली आले. दोघांच्या उंचीत १०० फूट उरले. एअर इंडियाच्या कमांडर कॅप्टन अनुपमा कोहली यांनी टीकॅसचा आदेश तत्काळ पाळला आणि दोन्ही विमानांतले प्रवासी सुखरूप घरी गेले. त्यांचे कौतुक झाले, ते योग्यच. विस्ताराच्या वैमानिकांना चौकशी होईपर्यंत उड्डाणावरून उतरवले गेले.

इथेच गाडी अडते. ८ जून २०२४ रोजी मुंबईच्या धावपट्टीवरून एक विमान उड्डाणासाठी धावत असतानाच मागून दुसरे उतरले. नियंत्रकाला कामावरून बाजूला करण्यात आले. मार्च २०२३ मध्ये नेपाळच्या आकाशात एअर इंडिया आणि नेपाळ एअरलाइन्सची विमाने जवळ आली, तिथल्या प्राधिकरणाने नियंत्रकांना निलंबित केले. आणि जानेवारी २०२२ मध्ये बेंगळुरूत काय झाले? समांतर धावपट्ट्यांवरून एकाच कंपनीची दोन विमाने पाच मिनिटांच्या आत उडाली आणि एकमेकांच्या दिशेने वळू लागली. ४०० हून अधिक माणसे त्यांत होती. एकच धावपट्टी वापरायचा निर्णय झाला होता, पण दुसऱ्या धावपट्टीच्या नियंत्रकाला तो कळवलाच गेला नव्हता. रडारवरच्या नियंत्रकाच्या लक्षात आले, त्याने दोघांना वेगवेगळ्या दिशांना वळवले आणि अनर्थ टळला. तेव्हाच्या बातम्यांनुसार ही घटना कोणत्याही लॉगबुकात नोंदवली गेली नव्हती. ती बाहेर आली नसती, तर तिच्यातून कोणी काय शिकले असते?

चौकशी होईपर्यंत माणसाला बाजूला करण्यात काही वेळा अर्थ असतो. हादरलेल्या वैमानिकाला किंवा नियंत्रकाला लगेच कामावर बसवू नये, हे खरेच आहे. पण पहिल्याच दिवशी, काय घडले ते कळण्याआधी, ‘कारवाई केली’ असे जाहीर करणे हा प्रवाशांना दाखवायचा देखावा असतो. आपण वृत्तपत्रेही ‘दोषी कोण’ हेच आधी विचारतो, तेव्हा त्या देखाव्याला हातभार लावतो. त्याचा अर्थ उरलेल्या हजारो वैमानिकांना आणि नियंत्रकांना नेमका कळतो: जे कोणी पाहिले नाही, ते गिळून टाका. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीच्या शिकागो कराराचे तेरावे परिशिष्ट सांगते की चौकशीचा एकमेव हेतू पुढचा अपघात टाळणे हा आहे, दोष वाटणे हा नव्हे. भारत या कराराला बांधील आहे.

यात कोणाला मोकाट सोडण्याचा प्रश्न नाही. दारू पिऊन उडणारा, जाणूनबुजून नियम मोडणारा, नोंद दडवणारा किंवा खाडाखोड करणारा शिक्षेलाच पात्र आहे. उलट, दडवणे हाच सर्वांत मोठा गुन्हा धरला जावा. संरक्षण हवे ते आकडा चुकीचा ऐकणाऱ्याला, थकल्या कानांनी दुसऱ्याची परवानगी आपली समजणाऱ्याला, आणि घरी जाऊन झोप न आलेली असताना सकाळी स्वतःहून कागद लिहून देणाऱ्याला.

अहवाल मिळवून भागत नाही, ते वाचणाराही हवा, हे २९ जानेवारी २०२५ ने दाखवले. वॉशिंग्टनजवळ पोटोमॅक नदीवर प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर आदळून ६७ जण गेले. चौकशी मंडळाने जुन्या नोंदी काढल्या, तर ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात त्या विमानतळाजवळ विमान आणि हेलिकॉप्टर एका सागरी मैलाहून आणि उंचीत ४०० फुटांहून जवळ आल्याचे १५,२१४ प्रसंग सापडले. त्यांतले ८५ तर बाजूने १,५०० आणि उंचीत २०० फुटांच्याही आतले. टकरीच्या जागी उंची इतकी कमी होती की टीकॅस तिथे ‘वर’ किंवा ‘खाली’ असा आदेश देतच नाही. म्हणजे आधीच्या नोंदी हाच एकमेव आधार होता, आणि त्या कपाटात होत्या.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने तीन गोष्टी कराव्यात. स्वेच्छेने दिलेले अहवाल परवाना आणि शिस्त पाहणाऱ्या विभागाकडे न जाता वेगळ्या, स्वतंत्र हाती जावेत. प्रामाणिक चुकीला शिक्षा नाही, हे नियमात सोदाहरण लिहावे, म्हणजे तिथे अर्थ लावायला जागा उरणार नाही. आणि नावे काढून हे अहवाल दर महिन्याला सर्व वैमानिकांपुढे, नियंत्रकांपुढे आणि जनतेपुढे ठेवावेत. पहिल्या वर्षी आकडा फुगेल, ओरड होईल. तेव्हा मंत्र्यांनी संसदेत उभे राहून सांगावे की हा आकडा वाढणे आम्हाला हवेच होते. पुण्या-मुंबईच्या गर्दीच्या आकाशात रोज आपली माणसे उडतात. त्यांना सुरक्षित ठेवण्याची एवढी स्वस्त संधी सरकार दवडत असेल, तर पुढच्या अपघाताला ‘दैवाचा घाला’ म्हणण्याचा अधिकार त्याला राहणार नाही.