सायलेंट व्हॅली : वाटाड्याचे मोल

रजा प्रवास सवलतीचा विषय निघाला की बँक कर्मचाऱ्यांच्या घरी केरळचे नाव हमखास पुढे येते. कोची, मुन्नार, तेक्कडी, अलप्पुळा हा क्रम आता जवळजवळ ठरूनच गेला आहे. पालक्काड जिल्ह्यातील सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान या क्रमात सहसा बसत नाही. जे प्रवासी वाट वाकडी करून तिथे जातात, त्यांच्यापैकी अनेकांच्या तोंडी परतताना एकच तक्रार असते : पैसे भरले, अर्धा दिवस घालवला, पण काही दिसले नाही.

ही तक्रार खोटी नाही. पण तिचा रोख मात्र चुकतो. अट्टप्पाडीतील मुक्काली या गावी स्वतःचे वाहन सोडावे लागते. तिथून वनखात्याच्या व्यवस्थेतील जीपने, सोबत वाटाड्या घेऊन, सुमारे २३ किलोमीटरवरील सैरंध्रीपर्यंत जाता येते. सैरंध्रीला सुमारे ३० मीटर उंचीचा निरीक्षण मनोरा आहे. तो चढायचा, खालची दरी पाहायची आणि त्याच वाटेने परत फिरायचे, एवढाच हा कार्यक्रम. वाटाड्याशिवाय प्रवेश नाही. अनेक पर्यटकांना ही सक्ती म्हणजे खर्चात पडलेली निष्कारण भर वाटते. वास्तविक पाहण्याजोगे जे काही आहे, त्यातील निम्म्याहून अधिक या माणसाच्या डोळ्यांतूनच दिसते.

आपल्याकडील पर्यटकाची नजर ताडोबा किंवा रणथंबोरवर घडलेली असते. तिथे उन्हाळ्यात पाने झडतात, पाणवठे आटतात आणि उरलेल्या पाण्यावर जनावरे येतात. त्यांना पाहण्यासाठी थोडा धीर आणि थोडे नशीब पुरते. वर्षावनात यातले काहीच घडत नाही. झाडे एकाच वेळी निष्पर्ण होत नाहीत, पाणी जागोजागी असते आणि प्राणिजीवनाचा मोठा भाग डोक्यावर, फांद्यांच्या छताखाली चाललेला असतो. चंदेरी आयाळीचा, काळ्या तोंडाचा सिंहपुच्छी वानर हा या अरण्याचा मानकरी. पण तो जमिनीवर क्वचितच उतरतो. वाटेवर पडलेली काटेरी फळांची टरफले मात्र दिसतात. ज्याला ठाऊक नाही त्याच्या लेखी तो कचरा. वाटाड्या सांगतो, की हे वेडिप्लावचे फळ आहे, वानरांनी ते फोडून आतल्या बिया खाल्ल्या आहेत, तेव्हा आता बोलणे थांबवून वर पाहावे. फांदी हलली तर उत्तम. न हलली तरी कोणी कुठे काय खाल्ले, हे कळलेले असते.

याच वानरावरून एके काळी मोठा वाद पेटला होता. कुंतिप्पुळा नदीवर सैरंध्रीजवळ धरण बांधून पहिल्या टप्प्यात १२० मेगावॅट वीज निर्माण करण्याच्या योजनेला १९७३ मध्ये योजना आयोगाची मंजुरी मिळाली. सुमारे ८.३ चौरस किलोमीटर क्षेत्र पाण्याखाली जाणार होते. केरळ शास्त्र साहित्य परिषदेने गावोगावी हा प्रश्न नेला, कवयित्री सुगतकुमारी यांनी आपली लेखणी त्यासाठी राबवली, डॉ. सलीम अली यांच्यासारख्या पक्षिशास्त्रज्ञाने आपले वजन विरोधाच्या बाजूने टाकले. माणूस मोठा की माकड, असा उपहासही झाला. उत्तर मलबारला विजेची निकड होती, हे खरेच होते. त्यामुळे हा सरळ चांगल्या-वाईटाचा झगडा नव्हता. प्रा. एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अभ्यासानंतर १९८३ मध्ये प्रकल्प सोडून देण्यात आला आणि १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील जी स्थळे जागतिक वारसा यादीत गेली, त्यांत सायलेंट व्हॅली आहे, तसेच आपले कास पठार आणि कोयना अभयारण्यही आहे. कोयनेच्या विजेवर वाढलेल्या मराठी माणसाने मनोऱ्यावरून ती न बुडालेली दरी पाहावी आणि दोन्ही हिशेब शेजारी ठेवावेत. उत्तर सोपे येणार नाही.

पण मनोऱ्यावर उभे राहून हे सारे आपोआप कळत नाही. दरी हिरवी असते, एवढेच दिसते. इथे काय होणार होते आणि ते का झाले नाही, हे कोणीतरी सांगावे लागते. अट्टप्पाडीच्या परिसरात इरुळा, मुडुगा आणि कुरुंबा या आदिवासी जमाती राहतात. त्यांच्यातील तरुणाला वाटाड्याचे काम मिळते, तेव्हा अरण्य राखण्यात त्याचा रोजचा, रोख स्वार्थ निर्माण होतो. पेरियार व्याघ्र प्रकल्पात रानदालचिनीची साल चोरून विकणारेच पुढे पर्यटकांचे वाटाडे आणि जंगलाचे राखणदार झाले, हे उदाहरण सर्वश्रुत आहे. अशा माणसाच्या मानधनात घासाघीस करणाऱ्या पर्यटकाने त्याच दिवशी हॉटेलात काय मोजले, ते आठवून पाहावे.

उणीव आहे ती भाषेची. वाटाड्याचे ज्ञान मल्याळम किंवा तमिळमध्ये ओसंडत असते. नाशिकच्या किंवा नागपूरच्या कुटुंबापर्यंत ते पाच-सहा मोडक्या शब्दांत पोहोचते. देशभरातून पाहुणे येणार असतील, तर झाडांची, प्राण्यांची नावे आणि धरणाची हकिकत सांगणारी छोटी पुस्तिका हिंदी, मराठी, बंगाली अशा भाषांत मुक्कालीला मिळायला हरकत नसावी. खर्च किरकोळ आहे. जीपगाड्यांची संख्या वाढवा, अशी मागणी मात्र मान्य होऊ नये. गाड्या वाढल्या की गोंगाट वाढेल, आणि वानर आणखी आत सरकेल. ज्यांना जागा मिळत नाही त्यांनी दुसऱ्या दिवशी यावे; सहलीच्या आखणीत मुन्नारचा एक मुक्काम कमी करता येतो. पावसाळ्यात जाणाऱ्यांनी जळवांसाठी लांब मोजे घालावेत, प्लास्टिकच्या पिशव्या मुक्कालीच्या अलीकडेच ठेवाव्यात, आणि जीपमध्ये वाटाड्याच्या शेजारची जागा मुलांना द्यावी.