पडदा संथ कां चालतो?

आपल्या शाळेच्या विज्ञानगृहांत एक जुना संगणक आहे. काळा पडदा, त्यावर पांढरीं अक्षरें, आणि आंत लिनक्स ही मुक्त प्रणाली. गेल्या वर्षीं कित्येक पालकांनीं आम्हांस विचारलें, "मास्तर, हें धूड अजून ठेवलें आहे कशाला?" प्रश्न अगदींच अस्थानीं नव्हता. एखादी मोठी फाईल उघडली कीं ओळी मुंगीच्या पावलांनीं वर सरकत. यंत्र म्हातारें झालें, असेंच सर्वांनीं गृहीत धरलें होतें. आमचें मत निराळें होतें.

प्रथम पडदा रंगतो कसा तें पाहूं. ग्राफिक्स कार्डाच्या स्मृतींतील ज्या भागांत पडद्यावरील प्रत्येक ठिपक्याचा रंग अंकरूपानें लिहिलेला असतो, त्यास फ्रेमबफर म्हणतात. पडदा १०२४ बाय ७६८ ठिपक्यांचा, व प्रत्येक ठिपक्यास एक बाइट धरल्यास, हा सांठा ७,८६,४३२ बाइटांचा होतो. अक्षर १६ ठिपके उंच असेल तर त्यांत ४८ ओळी मावतात. पुढची ओळ येतांच ४७ ओळी वर न्याव्या लागतात, म्हणजे ७,७०,०४८ बाइटांची उलाढाल, आणि तीही एका ओळीसाठीं! हजार ओळींचा हिशेब विद्यार्थ्यांनीं स्वतः करावा.

हें ओझें मुख्य प्रोसेसरानें वाहिलें, तर त्यास बहुतेक पडदा पुनः रंगवावा लागतो; रिकाम्या जागा वगळल्या तरी काम थोडें नव्हे. उलट, बहुतेक कार्डांस स्वतःच्या स्मृतींतील चौकोन उचलून दुसरीकडे ठेवण्याची कला अवगत असते. वर्गांतील बांकें सरकवावयाचीं असतां हेडमास्तरांनीं एकेक बांक स्वतः उचलावें, कीं मुलांस "मागें सरकवा" एवढीच आज्ञा करावी? ह्या दुसऱ्या रीतीसच प्रवेगन म्हणतात. लिनक्सच्या फ्रेमबफर-व्यवस्थेंत अशा आज्ञा मुख्यतः तीन: चौकोन रंगवा, चौकोन हलवा, अक्षराचें चित्र उमटवा. मात्र त्या त्या कार्डाची भाषा जाणणारा ड्रायव्हर हवा.

आमच्या यंत्रांत तोच नव्हता. ‘प्रॉक’ या निर्देशिकेंतील ‘एफबी’ ही फाईल वाचतांच कळलें कीं, काम वेसा नांवाचा सर्वसाधारण ड्रायव्हर पाहत आहे. तो पुष्कळ कार्डांवर चालतो, परंतु प्रवेगन कोणत्याच कार्डावर देत नाहीं. दहावीच्या मुलांनीं ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेनें कार्ड मॅट्रॉक्सचें असल्याचें शोधून काढलें; आरंभाच्या आज्ञेंतील ‘व्हीजीए=७७३’ हा भाग काढून टाकला, आणि मॅट्रॉक्स-एफबी हा ड्रायव्हर चढविला. (एकाच कार्डावर दोन ड्रायव्हर चढवूं नयेत, पडदा गोठतो.) इतकें करूनही गति जैसे थे! मुलें हिरमुसलीं. खरें सांगावयाचें तर आम्हीही.

कारण कर्नेलांतच होतें. अक्षरपडद्यासाठीं कार्डाकडून ओळी सरकवून घेण्याची सोय २०२० सालीं बंद करण्यांत आली होती. ती वापरणारे ड्रायव्हर थोडे, भाग गुंतागुंतीचा, दोष वारंवार निघणारे, व निगा राखणारा कोणी नाहीं, अशी काढणारांची बाजू होती. ती आम्हांस खोटी वाटत नाहीं. परंतु जुन्या यंत्रांवर काम करणाऱ्यांचें त्यांत नुकसान झालें. पुढें २०२२ च्या जानेवारींत हेल्गे डेलर यांनीं फ्रेमबफर विभागाची निगा स्वतःकडे घेतली, आणि त्याच वर्षीं ५.१७ या आवृत्तींत ती सोय परत आली. हे गृहस्थ एचपी कंपनीच्या जुन्या पीए-रिस्क यंत्रांसाठीं लिनक्स सांभाळणारे आहेत, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. मात्र ती एका वेगळ्या निवडीआड ठेवण्यांत आली, व न सांगितल्यास ती बंदच राहते.

ही तोड आम्हांस न्याय्य वाटते. ज्यास हवें त्यानें ओझें उचलावें, आणि ज्यास नको त्यावर तें लादूं नये. "माझें यंत्र संथ झालें" अशी तक्रार पुष्कळ जण करतात. पण तक्रारीमागोमाग स्वतःची संध्याकाळ खर्चणारे विरळाच. शिवाय ज्या प्रणालीचा मूळ लेख बंद कुलुपांत असतो, तींत काढलेली गोष्ट अशी परत आणण्याचा मार्ग बाहेरच्या माणसास नसतोच. म्हणून पालकांस आमची विनंती कीं, मुलांसाठीं नवीन संगणक घेण्याचा विचार जरूर करावा, पण जुना भंगारांत देण्यापूर्वीं तो दोन महिने मुलांच्या हातीं सोंपवावा. आजचीं वेबपृष्ठें पाहण्यास आमचें धूड निरुपयोगी आहे, हें कबूल. पण फ्रेमबफर, ड्रायव्हर व कर्नेल हे शब्द मुलांनीं त्यावरच अर्थासह शिकले, तसे ते चकचकीत यंत्रावर शिकले नसते.

ती निवड चालू करून मुलांनीं दिवाळीच्या सुटींत शेजारच्या नव्या यंत्रावर कर्नेल पुनः बांधलें. पहिल्या दोन खेपा फसल्या. तिसऱ्या खेपेस ओळी इतक्या वेगानें सरकूं लागल्या कीं, मागच्या बांकावरील एका मुलानें कुरकुर केली, आतां वाचतां येत नाहीं म्हणून.