क्लायंटच्या खुर्चीत सफाई कामगार केव्हा बसणार?

गेल्या महिन्यात कोर्टातून परतलो तेव्हा आमच्या कार्यालयात एक विद्यार्थी वाट पाहत बसला होता. "जयभीम सर" म्हणत त्याने दोन पानांचा एक कागद पुढे केला. आई रुग्णालयात कंत्राटी सफाई कामगार. मुलगा इंडस्ट्रियल डिझाईनच्या शेवटच्या वर्षाला. वस्तीतून या शिक्षणाला गेलेला पहिलाच पोरगा.

साफसफाईची साधने बनवणाऱ्या एका कंपनीने त्याच्या वर्गाला काम दिले होते, नवा मॉप तयार करण्याचे. हा मुलगा पंधरा दिवस आईबरोबर पहाटेच्या पाळीला गेला. दांडा आखूड असल्याने ती किती वेळा वाकते, फडके पिळताना मनगटावर किती ताण येतो, औषधाच्या पाण्याने हाताची कातडी कशी सोलते, सगळे त्याने वहीत टिपले. मग त्याने उंचीप्रमाणे लांब-आखूड होणारा दांडा आणि पाण्यात हात न घालता फडके पिळण्याची एक युक्ती मांडली. कंपनीच्या साहेबांनी विचारले, "हा मॉप कोणासाठी?" मुलगा म्हणाला, "आठ तास फरशी पुसणाऱ्या बाईसाठी." साहेब म्हणाले, "ती फक्त वापरते. विकत घेतो तो तिचा ठेकेदार. ठेकेदार दर बघतो, दांडा बघत नाही." दांडा रद्द झाला. पिळण्याची युक्ती मात्र कंपनीने ठेवून घेतली. मुलाला प्रमाणपत्र मिळाले. आमच्यापुढे ठेवलेल्या कागदावर त्याने सगळे हक्क कंपनीच्या नावे लिहून दिले होते.

या प्रकाराला डिझाईनच्या शिक्षणात 'लाइव्ह प्रोजेक्ट' म्हणतात. पुस्तकातले काल्पनिक गणित न सोडवता विद्यार्थ्याने खऱ्या उद्योगाचे खरे काम, खऱ्या मुदतीत आणि खऱ्या खर्चात करून दाखवायचे. आम्ही या पद्धतीच्या विरोधात नाही. जर्मनीतील उल्म येथे १९५३ साली सुरू झालेल्या डिझाईन विद्यालयाने ही वाट रुंद केली. तिथल्या शिक्षकांनी ब्राऊन कंपनीचे रेडिओ आणि ग्रामोफोन, हॅम्बुर्गच्या शहर रेल्वेचे डबे अशी कामे विद्यालयात आणली. मुंबईच्या जे. जे. मधून उल्मला जाऊन आलेले सुधाकर नाडकर्णी पवईच्या आयआयटीत १९६९ साली इंडस्ट्रियल डिझाईन सेंटर उभे करणाऱ्यांत अग्रणी होते. त्याआधी १९६१ साली अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाईन संस्था निघाली. खऱ्या कामातून शिकण्याची परंपरा आपल्याकडे अशी दोन्ही वाटांनी आली.

तिची ताकदही मोठी आहे. भारतातील मतदान यंत्राचे बाह्य रूप याच पवईच्या सेंटरमधील प्राध्यापकांनी घडवले. मतदान यंत्राविषयी चळवळीचे जे आक्षेप आहेत तो स्वतंत्र विषय आहे. इथे मुद्दा एवढाच की, पैसे सरकारी यंत्रणा देत होती, पण बटण दाबणारा होता अक्षरओळख नसलेला मतदार. म्हणून नावाशेजारी चिन्ह आणि चिन्हाशेजारी बटण अशी मांडणी झाली. पैसे देणारा एक आणि वापरणारा दुसरा असला, तरी वापरणाऱ्याचा विचार करता येतो. मग मॉपच्या बाबतीत तो का झाला नाही? कारण मतदाराच्या हाती मत होते, म्हणून त्याची गरज हिशेबात धरावी लागली. सफाई कामगार बाईच्या हाती त्या बैठकीत काहीच नव्हते. तिला तिथे बोलावलेही नव्हते.

आम्ही वकील लोक ज्याला पक्षकार म्हणतो, त्यालाच डिझाईनच्या धंद्यात क्लायंट म्हणतात. वकिलीचे शिक्षणही खऱ्या पक्षकाराशिवाय पुरे होत नाही. पण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने विद्यापीठे आणि विधी महाविद्यालयांत विधी सेवा केंद्रे उभारण्यास चालना देण्याचे काम राष्ट्रीय प्राधिकरणावर सोपवले. त्याच कायद्याच्या कलम १२ ने अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला मोफत विधी सेवेचा हक्क दिला. म्हणजे कायदा शिकणाऱ्या पोराच्या समोर फी देऊ न शकणारा माणूसही पक्षकार म्हणून बसू शकतो. डिझाईन शिकणाऱ्या पोरासमोर तो का बसू नये? जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेत क्लायंटची खुर्ची फक्त धनवंतासाठीच राखीव का?

हे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी राजस्थानातील जवाजाकडे पाहावे. १९७५ साली अहमदाबादच्या आयआयएमचे रवी मथाई यांनी अजमेर जिल्ह्यातील या दुष्काळी भागात काम सुरू केले आणि राष्ट्रीय डिझाईन संस्था त्यात सामील झाली. त्यांचे क्लायंट होते विणकर आणि कातडीकाम करणारे रैगर. या कारागिरांच्या हातात कसब होते, पण बाजार दलालाच्या हातात होता. डिझाईनच्या लोकांनी त्यांच्याबरोबर बसून शहरात खपतील अशा पिशव्या आणि वस्तू घडवल्या. पण खरे उद्दिष्ट पिशवी हे नव्हते. कारागिरांनी हिशेब, दर्जा, विक्री स्वतः सांभाळावी आणि संस्थांनी एक दिवस बाजूला व्हावे, हे होते. त्यातूनच कारागिरांची स्वतःची संघटना उभी राहिली. विद्यार्थ्याला याहून चांगला धडा कोणती कंपनी देणार?

उलट बाजूही पाहा. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच धाटणीच्या चपला मिरवल्या, तेव्हा कोल्हापूरचे नाव कुठेच नव्हते. ओरड झाल्यावर कंपनीने प्रेरणेचे मूळ मान्य केले. चर्मकाराला शिकलेल्या डिझायनरची साथ आणि कायद्याची माहिती वेळेवर मिळाली, तर त्याला आपले नाव मागण्यासाठी ओरड होण्याची वाट पाहावी लागणार नाही.

आता सफाई कामगारांकडे येऊ. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याचे कलम ३३ सांगते की, गटारे आणि सेप्टिक टाक्या साफ करण्यासाठी योग्य तांत्रिक साधने वापरणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य आहे. ही कृपा नव्हे, कायद्याने घातलेले बंधन आहे. तरीही माणसे गटारात उतरवली जातात आणि मरतात. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी ३० लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश दिले. माणूस मेल्यानंतर ३० लाख मोजायचे, पण तो मरू नये म्हणून साधन घडवायला विद्यार्थ्यांचा एक वर्ग द्यायचा नाही, हा कोणता न्याय? केरळात तरुण अभियंत्यांनी 'बँडिकूट' नावाचे मॅनहोल साफ करणारे यंत्र बनवले आणि २०१८ साली ते तिरुवनंतपुरमला कामाला लागले. म्हणजे बुद्धीची कमतरता नाही. कोणाच्या प्रश्नावर ती खर्च करायची, एवढाच सवाल आहे.

हा सवाल जातीचा आहे. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'च्या मांडणीत दाखवून दिले की जात केवळ कामे वाटत नाही, ती कामगारांनाच एकमेकांपासून तोडते आणि वर-खाली बसवते. ज्यांचे हात चालतात त्यांना आकार ठरवण्याचा हक्क नाही आणि जे आकार ठरवतात त्यांचे हात कधी त्या पाण्यात बुडत नाहीत. लाइव्ह प्रोजेक्ट ही दरी बुजवूही शकतो आणि रुंदही करू शकतो. आरक्षणामुळे आमची मुले वर्गात पोहोचली. त्यांच्या आया आणि त्यांची वस्ती मात्र अजून वर्गात पोहोचलेली नाही.

त्या विद्यार्थ्याच्या कागदाचे काय? २००० च्या डिझाईन्स कायद्याप्रमाणे मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी डिझाईन केले, तर मालकी काम देणाऱ्याची. मोबदला नसेल आणि हक्क लिहून दिले नसतील, तर ते घडवणाऱ्याचे. आमच्या मुलाने लिहून दिले होते, म्हणून लढाई अवघड आहे. तरी मोबदल्याशिवाय घेतलेल्या त्या सहीबद्दल आम्ही कंपनीला आणि संस्थेला नोटीस पाठवली आहे. इतर विद्यार्थ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. वाचल्याशिवाय सही करू नका. आणि नोंदणीचा अर्ज करण्याआधी आपले नवे डिझाईन प्रदर्शनात जाहीरपणे मांडू नका, कारण आधीच जाहीर झालेल्या डिझाईनची नोंदणी सहसा नाकारली जाते. नोंदणी झाली तर हक्क १० वर्षांचा, पुढे ५ वर्षे वाढणारा. एवढी किंमत प्रमाणपत्राच्या बदल्यात देऊन टाकू नये.

आमच्या मागण्या सरळ आहेत. सरकारी डिझाईन संस्थांनी दरवर्षी ठरावीक लाइव्ह प्रोजेक्ट सफाई कामगार, चर्मकार, कचरावेचक, घरकामगार यांच्या संघटनांसाठी राखावेत. त्यांचा खर्च महानगरपालिकांनी आणि सरकारने उचलावा. काम पसंत आहे की नाही, हे ठरवण्याचा आणि नको म्हणण्याचा अधिकार कामगाराचा असावा, कारण तो क्लायंट आहे, प्रयोगाचा उंदीर नव्हे. नमुने बनवण्याच्या साहित्याचा भार गरीब विद्यार्थ्यावर टाकू नये. कंपनीच्या प्रत्येक करारात विद्यार्थ्याचे नाव आणि मोबदला लिहिलेला असावा.

समाजबांधवांनाही एक विनंती. डॉक्टर, इंजिनियर आणि वकील याच्यापलीकडेही शिक्षण आहे. बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयपुढे मांडलेल्या गाऱ्हाण्यांत आमच्या मुलांच्या विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या. हातांचे कसब आमच्या पूर्वजांकडे होतेच, त्याला ज्ञानाची आणि हक्काची जोड मिळावी हाच त्यांचा हेतू होता. ज्या घरात चित्र काढणारे, मोडलेले जोडणारे पोर आहे, त्या घराने या शिक्षणाची चौकशी करावी.

तो विद्यार्थी निघताना म्हणाला, "सर, तो दांडा मी घरीच बनवला. आई वापरते." कंपनीने नाकारलेला दांडा आज एका रुग्णालयाच्या व्हरांड्यात चालतो आहे. बरोबरीच्या बाया तो मागत आहेत. क्लायंट हजर आहे. तिला खुर्ची द्या.

जयभीम!