जुनी गाडी घ्यायची तर आधी तिचा सातबारा बघा



गेल्या आठवड्यात पुतणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला गुलमंडीला गेलो होतो. बाया दुकानात बसल्या की दोन-तीन तासांची निश्चिंती. म्हणून मी आणि भाचा सुपारी हनुमानाकडून मागच्या गल्लीत चक्कर मारायला निघालो. एका जुन्या वाड्याच्या अंगणात ताडपत्रीखाली प्रीमियर पद्मिनी उभी दिसली. भाचा वाळूजला कंपनीत कामाला आहे, गाड्यांचा भारी नाद. वाड्यातले काका म्हणाले, साठ हजार द्या अन् घेऊन जा. भाचा लगेच मला बाजूला घेऊन म्हणतो, "मामा, बाबांकडं कापसाचे पैसे आलेत. तुम्ही एक शब्द टाका."

मी शब्द टाकला नाही. भाचा अजून नीट बोलत नाही. म्हणून म्हणलं, का नाही म्हणलो ते इथंच लिहावं. जुनी गाडी घेऊन नीट करायची हौस आता खेड्यातल्या पोरांनाही लागली आहे. हौस वाईट नाही, पण निवड चुकली की हंगाम जातो.

माझा गेलेला आहे. २००८ साली मी ३८ हजाराला एक जीप घेतली होती. ताजा रंग, नवी हूड. कागद नंतर देतो म्हणाला, मीही मान डोलावली. नावावर करायला गेलो तर चेसिस नंबर आरसी बुकाशी जुळेना. दोन पावसाळे ती खळ्यात उभी राहिली, कोंबड्यांनी तिच्यात अंडी घातली, अन् शेवटी किलोवर गेली. तेवढ्या पैशात एकराचं ठिबक झालं असतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. जमीन घेताना आपण आधी सातबारा बघतो, बोजा बघतो, वारस बघतो. गाडीचंही तसंच. आरसीवर नाव कुणाचं, फायनान्सचा बोजा उतरला का, चेसिस आणि इंजिन नंबर स्वतः घासून वाचा. गुलमंडीच्या त्या गाडीची आरसी काकांच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर होती, अन् भाऊ चार. म्हणजे आधी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१, मग विक्रीचे २९ आणि ३०. एक भाऊ अडला तर गाडी वाड्यातच.

खर्चही धरा. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, पुढं दर ५ वर्षांनी पासिंग. २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारला ही फी १०,००० झाली, हरित कर वेगळा. कुणी म्हणेल, विंटेजमध्ये टाकू. त्याला गाडी ५० वर्षांच्या वरची अन् मूळ रूपातली लागते, फी २०,०००, आणि ती रोज रस्त्यावर वापरता येत नाही. नुसती प्रदर्शनात न्यायची गाडी आपल्या काय कामाची?

दुसरी गोष्ट सांगाडा. बैल घेताना आपण दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो. गाडी घेताना मात्र रंग बघतो. पद्मिनीला वेगळी चेसिस नसते, पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. खालचा पत्रा, दाराखालची पट्टी गंजली म्हणजे कणाच गेला. जीपचं तसं नाही. खाली चेसिस वेगळी, वर बॉडी वेगळी. चेसिस सरळ अन् नंबर साफ असला की बॉडी आपल्या तालुक्यातला फॅब्रिकेशनवालाही बनवतो. बघायला जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. जिथं चिकटत नाही तिथं लांबी भरलेली आहे. मॅटिंग उचला, स्क्रू ड्रायव्हरनं पत्रा टोचून बघा. इंजिन थंड असतानाच चालू करायला लावा. ऑइलच्या झाकणातून धूर मारतो का, रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग आहे का, हे बघा.

तिसरी गोष्ट मिस्त्री आणि पार्ट. मुंबईत पद्मिनीची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ ला बंद झाली. पार्ट अजून मिळतात, पण शोधत फिरावं लागतं. महिंद्राची एमएम ५४० घ्या, तिचं प्यूजोचं डिझेल इंजिन खोललेले जुने मिस्त्री आपल्याकडं अजून भेटतात. पेट्रोल गाडी घेतलीच तर टाकी धुऊन रबरी पाइप, वायसर नवे टाका. आपल्याच उसाचं अन् मक्याचं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्के आहे, जुनं रबर त्यात टिकत नाही.

अन् दुसरंच इंजिन बसवलेली जीप कितीही पळाली तरी आरसीवर तशी नोंद नसेल तर हात लावू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे.

रंग, सीट, हेडलाइट सगळ्यात शेवटी. माझा हिशोब असा: गाडीला जेवढे मोजाल तेवढेच अजून बाजूला नसतील तर घेऊ नका. आणि बी-भरणाच्या पैशाला तर हातच लावू नका.

भाच्याला म्हणलं, तू पगारातून वर्षभर साठव. तोवर त्या चार भावांच्या सह्या झाल्या अन् खालचा पत्रा शाबूत निघाला, तर पद्मिनीच घेऊ, मी स्वतः येतो. नाही झालं तर साफ कागदाची जीप शोधू. तिच्यात निदान खताच्या चार गोण्या तरी येतील.

कुणी जुनी जीप नीट करून वापरत असेल तर एकूण खर्च किती आला ते खाली लिहा. खरा आकडा लिहा, बायकोला सांगितलेला नको.