पावसाची सुट्टी आणि पोरांच्या हातातला मोबाईल

आषाढ लागला की आमच्या दवाखान्यातील गर्दीचे स्वरूप बदलते. सर्दी-खोकला, ताप, जुलाब हे दरवर्षीचे पाहुणे येतातच; पण गेल्या काही वर्षांत त्यांच्या जोडीला एक नवी तक्रार येऊ लागली आहे. "डॉक्टर, पोरगं दिवसभर मोबाईल सोडत नाही. काढून घेतला की जमिनीवर डोकं आपटतं." तक्रार सांगणारी आई असते, कधी आजी असते. आणि ज्यांच्याविषयी ही तक्रार, ते चिरंजीव त्या वेळी तपासणीच्या टेबलावर बसून मोबाईलच पाहत असतात. कारण तो दिला नाही तर ते मला छातीला नळी लावू देत नाहीत!

कोकणातला पाऊस कसा असतो ते येथील वाचकांना सांगायला नको. चार-चार दिवस सूर्याचे दर्शन नाही, अंगणात शेवाळ, पडवीत ओल्या कपड्यांच्या रांगा, त्यात जिल्हाधिकाऱ्यांनी शाळांना सुट्टी जाहीर केलेली. अशा दिवशी पाच-सहा वर्षांचे मूल घरात सांभाळणे किती कठीण, हे ज्याने ते केलेले नाही त्याने (म्हणजे बहुतेक पुरुष मंडळींनी) आयांना उपदेश करण्यापूर्वी एक दिवस करून पाहावे. म्हणून "मोबाईल देऊ नका" एवढेच सांगून मोकळे होण्यात मला अर्थ वाटत नाही. मुलाच्या हातातली वस्तू काढून घेतली आणि हात रिकामा ठेवला, तर तो हात पुन्हा त्याच वस्तूकडे जाणार. त्याला दुसरे काही द्यावे लागेल, आणि ते सुरू करून देण्यासाठी घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला दहा-पंधरा मिनिटे जमिनीवर मांडी घालून बसावे लागेल. माझ्या मते खरी अडचण येथेच आहे. खेळ पुष्कळ आहेत, मांडी घालायला कोणी तयार नाही.

मूल "कंटाळा आला" म्हणाले की आपण घाबरतो आणि औषध दिल्यासारखा मोबाईल देतो. वास्तविक कंटाळा हा आजार नव्हे. थोडा वेळ कंटाळू दिले की मूल स्वतःच काहीतरी शोधून काढते. पाट उलटा करून गाडी होते, आजीच्या लुगड्याचा तंबू होतो. त्याला तेवढा वेळच मिळाला नाही तर हे शोधणे राहून जाते.

आता औषधच म्हटले आहे, तर मात्राही पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली लहान मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यानुसार एक वर्षाच्या आतील बाळाला पडदा, मग तो टीव्हीचा असो वा मोबाईलचा, मुळीच दाखवू नये. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात एक तासापेक्षा जास्त नको, आणि जितका कमी तितका बरा. आपल्याकडील बालरोगतज्ज्ञांची संघटना तर दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत अजिबात नको असे सांगते. (परगावी असलेल्या बाबांशी किंवा आजी-आजोबांशी थोडा वेळ व्हिडिओवर बोलणे यात धरलेले नाही.) शिवाय तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसाकाठी तीन तास हालचाल व्हावी, त्यातला तासभर चांगला दम लागेल अशी व्हावी, असेही जागतिक आरोग्य संघटना म्हणते. पावसाळ्यातल्या सुट्टीत आपल्या घरी नेमके उलटे घडते. मोबाईल तीन तास आणि हालचाल एक तास, तीही स्वयंपाकघरात खाऊ मागायला जाण्यापुरती.

तीन तास हा आकडा ऐकून दचकू नये. त्यात घरभर फिरणे, चढउतार करणे, लोळणे सगळे आले. दम लागण्यासाठी मैदानच पाहिजे असेही नाही. आपल्या बायका श्रावणात मंगळागौरीला माजघरातच झिम्मा-फुगडी घालतात आणि पाच मिनिटांत घामाघूम होतात. दोन मुलांना फुगडी शिकवा. मात्र जमीन कोरडी हवी आणि हात घट्ट धरलेले हवेत. लंगडी, बेडूकउड्या, डोळे बांधून आंधळी कोशिंबीर, दहा-बारा सूर्यनमस्कार, यातले काहीही चालेल. ज्या घरात ढोलकी व झांजा आहेत तेथे तर प्रश्नच नाही. गणपती जवळ आले की वाडीतली मोठी मुले जाखडीचा सराव करतात. लहानग्यांना मागे उभे करून नाचू द्या. चुकतील, पण घाम येईल.

बसून खेळायचे खेळ तर किती सांगावेत! सागरगोटे हा माझ्या दृष्टीने डोळा आणि हात यांना एकत्र काम करायला लावणारा उत्कृष्ट व्यायाम आहे. एक वर उडवायचा, तो खाली येण्याआधी जमिनीवरचे उचलायचे आणि वरचा झेलायचा. पैशांत मोजायचे तर फुकट. चिंचोके फोडून त्यांचे फासे करावेत. एक बाजू काळी, एक पांढरी. फरशीवर खडूने पंचवीस घरांचा पट काढला की झाले. चारही पांढरे पडले तर चार, चारही काळे पडले तर आठ. या खेळात मूल मोजायला शिकते, आणि आपली सोंगटी मारली गेली तरी रडत उठून जायचे नाही हेही शिकते. मोबाईलवरच्या खेळात हरले की बटण दाबून लगेच नवा डाव सुरू होतो. घरच्या पटावर समोर जिंकलेली बहीण हसत बसलेली असते. ते सहन करावे लागते.

पत्त्यांना काही घरांत अजून मज्जाव आहे. तो उठवावा अशी माझी विनंती आहे. बदामसात आणि झब्बू खेळून कोणी जुगारी झाल्याचे मी पाहिलेले नाही. नाव-गाव-फळ-फूल, राजा-राणी-चोर-शिपाईच्या चिठ्ठ्या, गाण्याच्या भेंड्या यांना तर पाटी-पेन्सिल किंवा नुसता गळा पुरतो.

याहून मला आवडते ते घरातले काम. आपण मुलांना कामातून उठवतो, "जा, तिकडे खेळ" म्हणतो आणि मग ती खेळत नाहीत म्हणून मोबाईल देतो. साठवणीच्या फणसाच्या आठळ्या सोलणे, लसूण सोलणे, तांदूळ निवडणे, वाळलेल्या कपड्यांतून मोज्यांच्या जोड्या लावणे ही कामे चार-पाच वर्षांचे मूल आनंदाने करते. बोटांना यातून जे वळण लागते ते पुढे पेन्सिल धरताना उपयोगी पडते. काम दुप्पट वेळ घेईल हे कबूल. पण पावसात अडकलेल्या घराला वेळेचीच टंचाई कुठे आहे? गावात गणपतीची शाळा असेल तर एखादे दिवशी मुलाला तेथे नेऊन बसवावे. मूर्तिकार बहुधा मातीचा गोळा देतात, आणि दुपार कशी गेली ते कळत नाही. हात मात्र नंतर साबणाने, नखांसकट धुवावेत.

हे सारे करायचे तर घरात आवाज होणार, पसारा होणार, एखादा पेला फुटणार. मोबाईल दिलेले मूल गप्प बसते म्हणून तो आपल्याला सोयीचा वाटतो, हे आपण प्रामाणिकपणे मान्य करावे. आजोबांची वामकुक्षी, आजीची मालिका, बाबांच्या बातम्या यांना धक्का लागू न देता मुलाने मात्र खेळत राहावे ही अपेक्षा चुकीची आहे. मालिका चालू आणि "पोरगं कुठे बघतंय, ते तर खेळतंय" असे सांगणाऱ्या आजी पुष्कळ भेटतात. आजी, मागे टीव्ही बोलत असला की घरातली माणसे मुलाशी कमी बोलतात. ते न बघता खेळत असले तरी तुमच्या बोलण्याला मुकते.

शाळांकडून सुट्टीच्या दिवशी व्हॉट्सअॅपवर अभ्यास येतो, ही पालकांची अडचण खरी आहे. त्यावर साधा उपाय आहे. मोठ्या माणसाने तो वहीत उतरवून घ्यावा आणि फोन कपाटात ठेवावा. "अभ्यासासाठी" म्हणून मुलाच्या हाती गेलेला फोन दहा मिनिटांनी काय दाखवत असतो हे सर्वांना ठाऊक आहे.

डोळ्यांविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या काही मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे जादा वेळ उघड्यावर काढायला लावले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तीन वर्षांनंतर त्यांच्यापैकी सुमारे ३० टक्के मुलांना लांबचे कमी दिसू लागले होते, तर इतर मुलांत हे प्रमाण सुमारे ४० टक्के होते. ढगाळ दिवसाचा बाहेरचा उजेडसुद्धा ट्यूबलाईटच्या खोलीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. म्हणून पावसाने अर्धा तास उघडीप दिली की मुलाला बाहेर काढावे. कागदाच्या होड्या पन्हळीच्या पाण्यात सोडू द्याव्यात. पायात बूट किंवा चपला हव्यात, पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात मुळीच उतरू देऊ नये. लेप्टोचा रोग आपल्या भागात आहे, तो उंदरांच्या व गुरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून जखमेवाटे शिरतो. परत आल्यावर पाय साबणाने धुऊन कोरडे करावेत. घरात असतानाही दिवसा अंगभर कपडे घालावेत, कारण डेंग्यूचा डास दिवसा चावतो.

आणखी एक धोक्याची सूचना. वर मी चिंचोके, सागरगोटे सुचवले ते मोठ्या मुलांसाठी. घरात तीन वर्षांच्या आतील भावंड असेल तर डाव संपताच सर्व मोजून डब्यात भरावे. चिंचोका, शेंगदाणा, मणी श्वासनलिकेत अडकला तर जीवावर बेतते. खेळण्यातला बटणासारखा चपटा सेल तर सर्वांत वाईट. तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतसुद्धा आतून भाजते. अशा वेळी शौचावाटे पडेल म्हणून केळी खायला घालत बसू नये. तडक जिल्हा रुग्णालय गाठावे.

मोबाईल सोडवताना पहिले तीन-चार दिवस मूल रडेल, आदळआपट करेल. माझ्या अनुभवात बहुतेक मुले आठवडाभरात निवळतात, पण एकाच अटीवर: आईने नाही म्हटलेले बाबांनी संध्याकाळी येऊन मोडायचे नाही. जेवताना मोबाईल दाखवण्याची सवय असेल तर तेथूनच सुरुवात करावी. पडद्याकडे पाहत जेवणाऱ्या मुलाला पोट भरल्याचे कळत नाही. एक-दोन वेळा ते कमी जेवेल. खेळत्या, धडधाकट मुलाचे त्याने काही बिघडत नाही.

शेवटी ज्या मुलांची मला खरी काळजी वाटते त्यांच्याविषयी. दोन-अडीच वर्षांचे मूल मोबाईलवरची इंग्रजी गाणी गुणगुणते, आकडे म्हणते, पण "पाणी दे" म्हणत नाही. हाक मारली तर वळून पाहत नाही. घरचे म्हणतात, "याचे बाबाही उशिराच बोलले." मोबाईल बोलतो, पण ऐकत नाही. बोलणे शिकायला समोर उत्तर देणारे माणूस लागते. तरीही प्रत्येक वेळी दोष मोबाईलच्या माथी मारू नये. कानाने कमी ऐकू येणे, स्वमग्नता अशीही कारणे असतात आणि ती लवकर कळली तर उपचाराचा फायदा होतो. दीड वर्षापर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही, किंवा दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नाही, तर कानांची तपासणी करून घ्यावी. जिल्हा रुग्णालयात अशा मुलांसाठी शीघ्र निदान व उपचार केंद्र असते. अंगणवाडीताईंकडे किंवा शाळा-अंगणवाडीत येणाऱ्या आरोग्य तपासणी पथकाकडे चौकशी केली तर चिठ्ठी मिळते. पाऊस ओसरल्यावर, गणपती झाल्यावर जाऊ, असे म्हणून थांबू नये.