डाउन्टन अ‍ॅबी, व्हाया गोंदिया

'डाउन्टन अ‍ॅबी' पाहिली असेल, तर तो राजेशाही बंगला आठवत असेलच. खरं नाव हायक्लिअर कॅसल. लंडनच्या पार्लमेंटचा आर्किटेक्ट चार्ल्स बॅरी याने १८४० च्या दशकात त्याला आजचं रूप दिलं. पण इंग्लिश जमीनदारांच्या या घरांमध्ये मला जास्त गंमत वाटते ती समोरच्या तळ्यांची. ब्लेनहाइम पॅलेससाठी १८ व्या शतकात चक्क नदी अडवली. कशाला? तर खिडकीतून व्ह्यू मस्त दिसावा म्हणून!

आता गोंदिया जिल्ह्यात या. इंग्रजांनी १८६० च्या दशकात इथल्या मालगुजारांना गावांची मालकी दिली. त्यांचे वाडे म्हणजे मातीच्या जाडजूड भिंती, सागवानी खांब, वर कवेलू, पुढे सपरी, आत धानाच्या कोठ्या. तळं इथंही आहे, पण शोभेचं नाही. तलावाचं पाणी बांधीत, बांधीतलं धान कोठीत आणि त्या धानाच्या जिवावर वाडा. म्हणजे तलाव हाच वाड्याचा खरा पाया!

१९५१ मध्ये मालगुजारी गेली. तलाव सरकारकडे गेले आणि 'माजी मालगुजारी'चे झाले 'मामा तलाव'. वाडे घरच्यांकडे राहिले, पण त्यांना पोसणारी कमाई आटली. कवेलू दरवर्षी पावसाळ्याआधी फेरावे लागतात. दोन-तीन वर्षं चुकली की पाणी थेट मातीच्या भिंतीत. मग भिंत बसते.

इंग्लंडमध्येही वेगळं घडलं नाही. २० व्या शतकात तिथली हजारावर घरं पाडली गेली. फक्त तिथं नॅशनल ट्रस्टने १९३७ मध्ये एक स्कीम काढली : घर ट्रस्टला द्या, तुम्ही तिथंच राहा, लोकांना बघायला येऊ द्या. त्यामुळे बरीच घरं वाचली.

माझ्या ऑफिसातल्या एकाचा असाच वाडा आहे, अर्जुनी मोरगावकडे. काका म्हणतात, विकून टाकू, सागवानाला भाव चांगला येतोय. काकांचंही चुकत नाही, पुण्यात बसून कवेलू कोण फेरणार? पण बॉस, विकायच्या आधी एक वीकएंड तरी तिथं काढ. खोल्या मोज, नकाशा काढ, फोटो घे. कोणती कोठी कशाची, हे आजीला विचारून लिहून ठेव. खांब विकले जातील, पण ही माहिती आजीबरोबर गेली तर कुठल्याच भावात परत मिळणार नाही.